किल्ल्याची किंमत आणि विहिरीचे मोल

मराठीत एकाच गोष्टीला तीन शब्द आहेत. किंमत, मोल आणि मूल्य. किंमत बाजारात विचारतात, मोल घरात कळते आणि मूल्य पुस्तकात शोधतात. वर्गात हा भेद शिकवताना मी तो खूप वर्षे सहज सांगून टाकत असे. पण त्याचा खरा अर्थ मला २०१९ सालच्या मे महिन्यात, ग्वाल्हेरच्या लष्करात, एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर बसल्यावर कळला.

आमच्या आत्याचे सासर ग्वाल्हेरचे. आत्या गेल्या त्याला तेव्हा वर्ष होऊन गेले होते. मागे तीन मुलगे. थोरले अण्णा त्याच वाड्यात राहतात. मधले पुण्यात स्थायिक आहेत आणि धाकटा इंजिनिअर होऊन न्यू जर्सीला गेला आहे. वाड्याची वाटणी व्हायची होती. भांडण नव्हते, पण भांडणाच्या आधीची जी एक शांतता असते ती होती. "मामांकडचे कोणीतरी मध्ये बसू दे," असे अण्णांनी कळवले आणि ते काम माझ्याकडे आले. शाळेला सुट्टी होती. आमच्या सीमाभागातून गोवा एक्स्प्रेस सरळ ग्वाल्हेरला जाते. झाशी मागे पडले आणि गाडी उत्तरेला निघाली तेव्हा मी मनाशी म्हटले, अर्ध्या दिवसाचे काम आहे. प्रत्यक्षात सहा दिवस लागले.

अण्णांनी एक व्हॅल्युअर बोलावला होता. भला माणूस. त्याने टेपने भिंती मोजल्या, फोटो काढले आणि दोन दिवसांनी एक टंकलिखित अहवाल आणून दिला. त्यात एक आकडा असेल अशी आमची समजूत होती. आकडे तीन होते. शेजारच्या गल्लीतील अलीकडचे व्यवहार आणि कलेक्टरच्या गाइडलाइनचा दर धरला, तर वाड्याखालच्या जमिनीचे मूल्य डोळे पांढरे करणारे होते. आपल्याकडे ज्याला रेडी रेकनर म्हणतात तेच तिकडे गाइडलाइन. येणाऱ्या भाड्यावरून हिशेब केला, तर मूल्य हास्यास्पद होते. कारण पुढच्या दोन दुकानांत जुने भाडेकरू, भाडे जुने आणि मध्यप्रदेशचा १९६१ चा स्थान नियंत्रण अधिनियम त्यांच्या पाठीशी. तिसरा आकडा बांधकामाच्या खर्चाचा. असा दगडी, सागवानी वाडा आज बांधायला काय लागेल ते काढायचे आणि त्यातून वयाप्रमाणे घसारा वजा करायचा. तो आकडा या दोहोंच्या मधला होता.

मूल्यांकनशास्त्राच्या मुख्य पद्धती याच तीन आहेत, हे मला नंतर कळले. तुलना, उत्पन्न आणि खर्च. पण त्या ओसरीवर त्या तीन पद्धती नव्हत्या, तीन भाऊ होते. अण्णा भाड्याच्या बाजूने, कारण त्यांना वाड्यात राहायचे होते आणि भावांना द्यायला हातात फारसे काही नव्हते. मधले बाजारभावाच्या बाजूने, कारण त्यांच्या मुलाला पुण्यात घर घ्यायचे होते. धाकटा फोनवरून बांधकामाचा खर्च सांगत होता, कारण तो इंजिनिअर होता आणि खांबांचे सागवान त्याच्या डोळ्यांपुढे होते. तिघांपैकी एकही लबाड नव्हता. अण्णा मला म्हणाले, "मास्तर, तू तर इतिहासवाला. सांग बघू, यातला खरा हिसाब कोणता?"

मी त्या संध्याकाळी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्यावर गेलो.

ग्वाल्हेरचा किल्ला म्हणजे मैदानातून एकदम उभा राहिलेला वालुकाश्माचा डोंगर. मानसिंह तोमराचा निळ्या फरशांचा महाल, सास-बहूची मंदिरे, कड्यात कोरलेल्या भव्य जैन मूर्ती, हे सारे पाहताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. याची किंमत कोणी कधी केली आहे का? केली आहे, आणि तीही कागदावर.

या किल्ल्याने किती धनी पाहिले! १७८० च्या ऑगस्टमध्ये पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात मेजर पॉपहॅमच्या माणसांनी रात्री शिड्या लावून तो घेतला आणि कंपनीने तो गोहदच्या राण्याला दिला. काही वर्षांतच महादजी शिंद्यांनी तो परत मिळवला. १८०४ मध्ये तो पुन्हा इंग्रजांनी घेतला आणि १८०५ मध्ये दौलतराव शिंद्यांना परत केला. पुढे १८१० मध्ये दौलतरावांनी उज्जैनहून आपले ठाणे इथे हलवले. फौजेची छावणी पडली आणि तिचेच शहर झाले. म्हणून त्या शहराचे नाव लष्कर. आत्यांचा वाडा ज्या जमिनीवर उभा आहे ती मुळात कोणी विकत घेतलेली नव्हे, एका सरदाराच्या पागेला नेमून दिलेली. आज जिचा दर चौरस फुटावर ठरतो तिचा पहिला भाव राहुट्यांवर ठरला होता.

त्या काळी मुलखाची किंमत कशी होत असे? जमीन विकली किती रुपयांना, असे कोणी विचारत नसे. मुलूख किती लाखांचा, असे विचारत. म्हणजे वर्षाला त्यातून किती लाख वसूल येतो. १८०२ च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने कंपनीच्या फौजेच्या खर्चासाठी मुलूख तोडून दिला तो सव्वीस लाखांचा. महाराजपूर आणि पनिहार येथे २९ डिसेंबर १८४३ रोजी एकाच दिवशी दोन लढाया हरल्यावर १८४४ च्या तहात ग्वाल्हेर दरबाराने कंटिंजंट फौजेसाठी लावून दिलेला मुलूख अठरा लाखांचा. चौरस मैल नंतर मोजले गेले, लाख आधी. आजच्या व्हॅल्युअरच्या भाषेत ही सरळसरळ उत्पन्न पद्धत आहे.

आणि या पद्धतीतला दोषही आपल्या पूर्वजांना पक्का ठाऊक होता. मराठी दप्तरात तनखा, कमाल आणि ऐन वसूल असे वेगवेगळे शब्द आहेत. तनखा म्हणजे पूर्वी कधीतरी ठरवून ठेवलेली जमा. कमाल म्हणजे चांगल्या काळात गाव जास्तीत जास्त जे देऊ शकेल ते. ऐन वसूल म्हणजे यंदा पदरात पडले ते. तहाला बसणारा कारकून देताना कमालीचा आकडा पुढे करी आणि घेताना वसुलाचा. दुष्काळाने ओस पडलेले गाव कागदावर पूर्ण जमेचे असे. म्हणजे तीन आकडे तेव्हाही होते आणि कोणता आकडा पुढे करायचा हे तेव्हाही आपण कोणत्या बाजूला बसलो आहोत यावर ठरत असे.

पण किल्ला हा काही लाखांचा मुलूख नव्हे. किल्ल्यावर पिकत काहीच नाही, उलट शिबंदी खाते. उत्पन्नाने मोजला तर ग्वाल्हेरचा किल्ला उणे निघेल. मग त्याची किंमत कशी झाली?

१८५८ च्या १ जूनला रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई यांनी ग्वाल्हेर घेतले. जयाजीराव शिंदे आग्र्याला निघून गेले. त्याच महिन्यात राणीसाहेबांनी ग्वाल्हेरजवळ लढताना देह ठेवला आणि सर ह्यू रोजने शहर व किल्ला घेतला. जयाजीरावांना गादी परत मिळाली, किल्ला मिळाला नाही. तिथे इंग्रज फौज बसली, पलीकडे मुरारची छावणी होती. आपल्या राजवाड्याच्या गच्चीवरून दिसणारा किल्ला, आणि त्यावर निशाण दुसऱ्याचे. अठ्ठावीस वर्षे हे चालले. दरम्यान १८६१ मध्ये झाशीचे शहर आणि किल्ला शिंद्यांच्या ताब्यात आला होता. अखेर १८८६ मध्ये अदलाबदल झाली. ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरार शिंद्यांकडे, झाशी इंग्रजांकडे.

हे नुसते राजकारण नव्हते, तर मूल्यांकनही होते. वस्तू तीच, दगड तेच. पण १७८० मध्ये ज्या कड्यासाठी इंग्रजांनी शिड्या लावल्या तो कडा १८८६ मध्ये त्यांना तितका महत्त्वाचा उरला नव्हता. तोफा बदलल्या होत्या, तारायंत्र आले होते आणि मुख्य म्हणजे रेल्वे आली होती. इंडियन मिडलँड रेल्वे कंपनी १८८५ मध्ये स्थापन झाली आणि तिचे मुख्य ठाणे झाले झाशी. १८८९ मध्ये झाशी-ग्वाल्हेर मार्ग सुरू झाला. इंग्रजांच्या हिशेबात चार वाटा जिथे मिळतात ते सपाट मैदान आता उंच कड्यापेक्षा मोलाचे होते. शिंद्यांच्या हिशेबात मात्र झाशीचा वसूल एका पारड्यात आणि महादजींचा किल्ला दुसऱ्या पारड्यात, असे तोलायचे होते, आणि त्यांनी किल्ल्याचे पारडे जड मानले. सौदा झाला तो दोघांची किंमत एक झाली म्हणून नव्हे. दोघांची किंमत वेगळी होती म्हणूनच झाला. अर्थशास्त्राच्या पुस्तकात विनिमयाचे हे तत्त्व पानभर समजावलेले असते. इथे ते एका वाक्यात आहे.

जयाजीरावांना किल्ला मिळाला आणि त्याच साली, २० जून १८८६ रोजी, ते वारले. ज्याची अठ्ठावीस वर्षे वाट पाहिली त्याचा उपभोग काही महिने. व्हॅल्युअरच्या कोणत्या रकान्यात ही वाट पाहणे लिहायचे?

त्यांच्यामागे गादीवर आले माधवराव, वय अवघे नऊ वर्षे. आणि मग प्रश्न उभा राहिला तो गंगाजळीचा. शिंदे घराण्याच्या गुप्त खजिन्याला गंगाजळी म्हणत. अडीअडचणीच्या काळासाठी त्यात भर घालायची, काढायचे नाही. तिच्या तळघरांच्या आणि खुणेच्या शब्दांच्या गोष्टी ग्वाल्हेरात आजही चवीने सांगतात. त्यांतल्या खऱ्या किती आणि रंगवलेल्या किती हे बाजूला ठेवू. प्रश्न मूल्याचा आहे. पुरलेल्या रुपयाची किंमत काय? पुरला तितकाच तो राहतो, शंभर वर्षांनीही रुपयाच. खरे तर जयाजीरावांनीच याचे उत्तर शोधायला सुरुवात केली होती. १८७२ मध्ये आग्रा-ग्वाल्हेर रेल्वेसाठी दरबाराने पंचाहत्तर लाख रुपये कर्जाऊ दिले आणि १८७३ मध्ये इंदूर-नीमच मार्गासाठी तितकेच. पुढे माधवरावांनी हा मार्ग आणखी रुंद केला. साकचीला टाटांचा पोलाद कारखाना उभा राहत असताना खेळत्या भांडवलासाठी चार लाख पौंडांचे कर्जरोखे काढण्यात आले. ती सगळीच्या सगळी रक्कम एकट्या माधवराव शिंद्यांनी भरली. आजोबा-पणजोबांनी जमिनीखाली ठेवलेला पैसा नातवाने भट्टीत घातला, आणि तो वाढला.

इथे एक साधे गणित वाचकांपुढे ठेवतो, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. ज्या मालमत्तेतून वर्षाला शंभर रुपये निव्वळ येतात तिची किंमत किती? व्याजाचा दर शेकडा चार धरला तर पंचवीस पट, म्हणजे अडीच हजार. दर आठ धरला तर साडेबारा पट, म्हणजे साडेबाराशे. दर साडेबारा धरला तर आठ पट, म्हणजे आठशे. घर तेच, भाडे तेच. पट ठरवणारा जो दर असतो तो कोणाच्या हातात आहे, हाच काय तो फरक.

स्वातंत्र्यानंतर हे गणित वर्गातून बाहेर आले. जमीनदारी आणि जहागिरी रद्द झाल्या तेव्हा भरपाई उत्पन्नाच्या पटीत ठरली. उत्तर प्रदेशात निव्वळ उत्पन्नाच्या आठ पट, लहान जमीनदारांना शिवाय पुनर्वसनाचे अनुदान. बिहारने सर्वांत लहानाला वीस पट आणि सर्वांत मोठ्याला तीन पट अशी उतरती भाजणी लावली. पाटणा उच्च न्यायालयाने ती समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली आणि १९५१ मध्ये घटनेची पहिली दुरुस्ती झाली. लष्करातल्या पुष्कळ मराठी सरदार घराण्यांच्या जहागिरी याच सुमारास मध्यभारताच्या कायद्याने गेल्या. पुढे सरकारने संपत्ती कर बसवला तो १९५७ चा. त्यात राहत्या घराची किंमत काढायचा नियम १९७९ मध्ये आला, तो निव्वळ भाड्याच्या साडेबारा पट. हा कर आता रद्द झाला आहे, पण गंमत पाहा. सरकारला द्यायचे होते तेव्हा आठ पट, घ्यायचे होते तेव्हा साडेबारा. काळ वेगळा, हेतू वेगळा, हे मान्य. जमीनदारी जायलाच हवी होती, हेही मान्य. तरी तनखा आणि वसूल यांच्यातला तो जुना कारकून मला इथे पुन्हा दिसला.

दुसऱ्या बाजूला न्यायालयांनी एक मोठे तत्त्व सांगून ठेवले आहे. विशाखापट्टणम बंदरासाठी सरकारने एका जमीनदाराची जमीन घेतली. तिच्यात गोड्या पाण्याचा झरा होता. सरकारचे म्हणणे, ते पाणी घेणारे आम्हीच, दुसरे गिऱ्हाईक नाही, तर झऱ्याची किंमत वेगळी कशाला? १९३९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की गिऱ्हाईक एकच असले तरी झऱ्याची किंमत धरली पाहिजे. जमीन आज काय देते एवढेच न पाहता ती काय देऊ शकते तेही पाहायचे. राजीखुशीने विकणारा आणि राजीखुशीने घेणारा समोरासमोर बसले असते तर जो भाव ठरला असता तो खरा भाव. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात सक्तीने घेतल्याबद्दल बाजारभावावर शेकडा पंधरा दिलासा रक्कम मिळे, १९८४ मध्ये ती तीस झाली आणि २०१३ च्या नव्या कायद्याने शंभर. म्हणजे बाजारभावात न बसणारे काहीतरी माणसाकडून हिरावले जाते, हे कायद्यालाही पटत गेले. फक्त त्याचा आकडा त्याला चाचपडत वाढवावा लागला.

किल्ल्यावरून उतरून मी जयविलास महालात गेलो. १८७४ सालचा, मायकेल फिलोजने बांधलेला. त्या काळी एक कोटी रुपये लागले असे सांगतात. दरबार हॉलची अवजड झुंबरे छताला पेलतील का हे पाहायला वर हत्ती चढवले होते, ही कथाही मार्गदर्शक सांगतोच. आता या महालाची किंमत करा! असा दुसरा शेजारी नाही, म्हणून तुलना नाही. उत्पन्न म्हणावे तर संग्रहालयाची तिकिटे. खर्च म्हणावा तर तसे कारागीर आणायचे कोठून? "घर पाहावे बांधून" म्हणतात ते बांधण्यापुरते ठीक, विकताना बांधल्याचा खर्च कोणी विचारत नाही. मेला हत्ती सव्वा लाखाचा खरा, पण घेणारा असेल तर.

संध्याकाळी ओसरीवर सगळे जमले. पुण्याचे भाऊ आलेले होते, धाकटा फोनवर. मी त्यांना कौटिल्याची गोष्ट सांगितली. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घर विकण्याची रीत दिली आहे. आधी नातलग, मग शेजारी, मग सावकार, या क्रमाने घेण्याचा हक्क. आणि विक्री कुठे करायची? घरासमोर, शेजारच्या चाळीस कुळांच्या देखत, सीमा सांगून, किंमत तीनदा पुकारून. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी व्हॅल्युअर म्हणजे चाळीस शेजारी होते. ज्यांनी त्या घरात कोण जन्मले, कोणाची सेवा कोणी केली, हे पाहिले आहे, असे चाळीस साक्षीदार.

"अण्णा," मी म्हटले, "तिन्ही हिशेब खरे आहेत. राहणाऱ्याला भाड्याचा, विकणाऱ्याला बाजाराचा, बांधणाऱ्याला खर्चाचा. आधी ठरवा, की आपण काय करणार आहोत. मग हिशेब आपोआप ठरेल."

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग फोनवरून धाकट्याचा आवाज आला. "अण्णा, आईच्या शेवटच्या अकरा वर्षांचा हिशेब कोणी ठेवलाय का? त्या अहवालात तो कुठे आहे?"

पुण्याचे भाऊ उठून आत गेले आणि पाणी पिऊन परत आले. काही बोलले नाहीत, पण परत बसले ते अण्णांच्या शेजारी.

पुढच्या तीन दिवसांत वाटणीपत्र तयार झाले. रस्त्याकडचा दुकानांचा भाग बाजारभावाने धरला. तो विकून येईल ते दोन धाकट्या भावांचे. मागचा चौक अण्णांच्या वाट्याला, आणि त्याची किंमत भाड्याच्या हिशेबाने. दोन किमतींत जो फरक उरला तो कोणी मागितला नाही. कागदावर त्याला नाव दिले नाही. मला विचाराल तर तीच त्या घरातली दिलासा रक्कम.

शेवटचे कलम मी माझ्या हाताने लिहिले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाटणीपत्रांत ते हमखास सापडते. मनुस्मृतीत ज्या वस्तू वाटू नयेत म्हणून सांगितल्या आहेत त्यांत पाणी आहे. आमच्याकडचे जुने कारकून तेच आपल्या मोडीत लिहीत. मीही तसेच लिहिले : देव, वाट आणि विहीर सामाईक. किंमत धरलेली नाही.

अण्णांनी चष्मा काढून ते कलम दोनदा वाचले आणि सही केली. मग उठून चौकात गेले, विहिरीवरचे झाकण सरकवले, आणि मला म्हणाले, "मास्तर, ये. इकडचे पाणी अजून गोड आहे."